पट्टी सरकवा, माणूस घडवा!

सदर : संगणकाच्या अंगणात



भातुकली कोण कोण खेळलंय? हात वर करा पाहू! मुलांनीही वर करायचे बरं का, लाजायचं नाही. लुटुपुटूच्या स्वयंपाकात पोळ्या लाटायला आणि मग त्या फस्त करायला मुलंही असतातच की!

भातुकलीत चूल इवलीशी, कढई इवलीशी, पोळपाट-लाटणं इवलंसं. सगळं अगदी खऱ्या घरासारखं. पण बाहुली मात्र दुकानातून जशी आली तशीच राहते. तिचे केस सोनेरी तर सोनेरीच, नाक बसकं तर बसकंच. आपल्या शेजारच्या काकूंसारखी बाहुली हवी असेल तर ती मिळणार कुठे?

संगणकावरच्या भातुकलीत ही अडचण दूर झाली. या खेळांना ‘लाइफ सिम्युलेशन’ म्हणतात, म्हणजे जगण्याची नक्कल. यात राक्षस मारायचे नसतात की गाड्या पळवायच्या नसतात. घर बांधायचं, स्वयंपाक करायचा, नोकरीला जायचं, रुसायचं, पुन्हा समेट करायचा. जिंकणं-हरणं नाहीच! आणि हे सगळं सुरू होण्याआधी एक मोठं काम असतं, ते म्हणजे ज्याने हे आयुष्य जगायचं तो माणूस घडवणं. त्यासाठी खेळात एक खास कारखानाच दिलेला असतो. त्याला म्हणतात ‘कॅरेक्टर क्रिएटर’. आज आपण या कारखान्यात शिरणार आहोत. चला तर!

आग लागली आणि खेळ सुचला

१९८५ साली ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ नावाचा एक खेळ निघाला होता. पडद्यावर तीन मजली घर दिसायचं आणि त्यात एक छोटा माणूस आपल्या कुत्र्यासह राहायला यायचा. पण तो कोण असेल हे तुम्ही ठरवायचं नाही! खेळाच्या प्रत्येक तबकडीला वेगळा क्रमांक होता आणि त्यावरून संगणकच माणूस ठरवायचा. तुमच्या घरी येईल तो तुमचा पाहुणा. आवडला तर ठीक, नाही आवडला तरी ठीक!

पुढे १९९१ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या ओकलंड इथल्या टेकड्यांवर भीषण वणवा पेटला. त्यात विल राइट नावाच्या गृहस्थांचं घर जळून गेलं. हे राइट म्हणजे ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ तयार करणारे. सगळं घर नव्याने उभं करताना त्यांच्या मनात विचार आला, घर बांधणं आणि सामान लावणं यावरच एक खेळ केला तर? घर चांगलं झालं की वाईट, हे सांगायला त्यांनी त्या घरात छोटी माणसं सोडली. दिवा अंधूक असला की ती कुरकुरणार, पलंग चांगला असला की खूश होणार.

आणि मग काय झालं असेल? घरापेक्षा ती माणसंच जास्त मजेदार वाटायला लागली! अशा रीतीने ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ हा खेळ बाजारात आला आणि जगभर गाजला. त्या पहिल्या खेळात मात्र माणूस घडवणं म्हणजे तयार मुंडकं आणि तयार धड निवडून एकमेकांवर बसवणं. २००४ साली ‘द सिम्स २’ आला आणि नाक, हनुवटी, गाल हवे तसे कमी-जास्त करता येऊ लागले. एवढंच नाही, तर खेळातल्या आईबाबांचं रूप त्यांच्या बाळात उतरू लागलं! काळे आणि तपकिरी केस हे सोनेरी आणि लाल केसांवर मात करायचे. पण आई-बाबा दोघांचे केस काळे असूनही, आजीकडून आलेला सोनेरी केसांचा गुण दोघांतही लपलेला असला तर बाळ सोनेरी केसांचं होऊ शकायचं. विज्ञानाच्या पुस्तकातला मेंडेल आणि त्याचे वाटाणे आठवले का? तेच हे!

पट्टीच्या मागे काय दडलंय?

आता कारखान्यातली यंत्रं पाहू. पडद्यावर एक चेहरा असतो आणि शेजारी ‘नाकाची लांबी’, ‘डोळ्यांतलं अंतर’, ‘ओठांची जाडी’ अशा सरकत्या पट्ट्या. पट्टी उजवीकडे नेली की नाक लांब, डावीकडे नेली की आखूड. संगणकाला नाक म्हणजे काय ते कुठे ठाऊक असतं? मग तो हे करतो तरी कसं?

संगणकातला चेहरा म्हणजे हजारो बिंदूंचं जाळं. कोळ्याचं जाळं एखाद्या मडक्यावर ताणून बसवावं तसं. बिंदू एकमेकांना जोडले की छोटे छोटे त्रिकोण होतात आणि त्यांवर त्वचेचा रंग चढवतात. चित्रकार आधी एक साधा चेहरा करतो. मग तोच चेहरा घेऊन त्याचं नाक अगदी लांब करतो आणि वेगळा जपून ठेवतो. म्हणजे प्रत्येक बिंदूच्या दोन जागा झाल्या, एक साध्या नाकाची आणि एक लांब नाकाची. पट्टी करते काय, तर बिंदूला या दोन जागांच्या मधोमध कुठेतरी नेऊन ठेवते!

एक हिशेब करून पाहू. समजा साध्या चेहऱ्यात नाकाचा शेंडा गालापासून २ सेंटिमीटर पुढे आहे आणि लांब नाकाच्या चेहऱ्यात ४ सेंटिमीटर. दोघांत फरक २ सेंटिमीटरचा. पट्टी पाव अंतरावर ठेवली तर २ चा पाव भाग म्हणजे अर्धा सेंटिमीटर. शेंडा येणार २.५ सेंटिमीटरवर. झालं! पाचवी-सहावीतलं हे गणित संगणक हजारो बिंदूंसाठी डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, एवढंच.

आणि अशा थोड्याशा पट्ट्यांतून किती चेहरे होत असतील? समजा फक्त १० पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीवर १० खुणा. पहिल्या पट्टीचे १० प्रकार, दोन पट्ट्यांचे मिळून १००, तीन पट्ट्यांचे १०००. असं करत करत दहाव्या पट्टीला आपण एक हजार कोटींवर पोचतो! संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. म्हणजे या पृथ्वीवरच्या प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला तरी अजून कितीतरी चेहरे शिल्लक राहतील. तेही अवघ्या १० पट्ट्यांत! आहे की नाही गंमत?

हुबेहूब की थोडक्यात?

माणूस घडवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे अगदी हुबेहूब. दक्षिण कोरियातल्या ‘इनझोई’ या खेळाने ही वाट धरली. त्वचेवरची छिद्रं, केसांवर पडलेला उजेड, सगळं फोटोसारखं. या खेळाच्या मंडळींनी एक युक्ती केली. खेळ अजून तयार व्हायचा होता, तेव्हाच ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी नुसता माणूस घडवायचा कारखानाच काही दिवस सगळ्यांसाठी खुला केला. ना घर, ना गाव, ना खेळ! तरी जगभरच्या लोकांनी हौसेने माणसं घडवली. खेळाची सुरुवातीची आवृत्ती आली ती नंतर, २८ मार्च २०२५ रोजी.

दुसरी तऱ्हा अगदी उलटी. जपानच्या निन्टेंडो कंपनीने २००६ साली आपल्या ‘वी’ या यंत्राबरोबर ‘मी’ नावाच्या छोट्या आकृत्या आणल्या. गोल डोकं, दोन ठिपक्यांसारखे डोळे, एखादी रेघ म्हणजे तोंड. जपानमध्ये ‘कोकेशी’ नावाच्या लाकडी बाहुल्या असतात, बिनहातापायांच्या. त्यांच्यावरून ही कल्पना सुचली. इतकं साधं रूप, तरी आपल्या मामाचा ‘मी’ केला की घरातले सगळे ‘अरे, हा तर मामा!’ म्हणून हसणार.

असं का होतं? आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आठवा. टक्कल, चष्मा, चौकटींचा कोट आणि धोतर. मोजक्या रेघा, पण लाखांत ओळखू येतो. कारण लक्ष्मण यांनी नेमक्या त्याच गोष्टी टिपल्या, ज्यांच्यावरून माणूस ओळखला जातो. हुबेहूब करायला गेलं की मात्र जरासुद्धा चूक चालत नाही. डोळे किंचित निर्जीव दिसले तरी अंगावर काटा येतो. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० सालीच यंत्रमानवांबद्दल हे सांगून ठेवलं होतं. नक्कल अस्सलाच्या अगदी जवळ पोचते, पण पुरती पोचत नाही, तेव्हा ती आवडेनाशी होते. याला इंग्रजीत ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. म्हणजे अस्सलाच्या अगदी आधी लागणारी एक दरीच म्हणा ना!

उंचीचं कोडं

आता तुम्हाला एक प्रश्न. ‘द सिम्स ४’ हा खेळ सप्टेंबर २०१४ मध्ये आला. त्यात पट्ट्याही नकोत. माणसाचा गाल, पोट किंवा दंड धरायचा आणि मातीच्या गोळ्यासारखा ओढायचा! चालण्याची ढब निवडा, आवाज निवडा. पण इतक्या मोठ्या खेळात एक साधी पट्टी नव्हती. ओळखा पाहू कोणती?

उंचीची! आजोबा, बाबा, कॉलेजात जाणारी ताई आणि शाळेतला किशोरवयीन दादा, सगळे एकाच उंचीचे. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत पहिला नंबर सोडायला मिळत नाही म्हणून हिरमुसणारे आणि कायम शेवटी उभं राहावं लागतं म्हणून वैतागणारे, दोघांनाही या खेळात जागाच नाही. नाकाचा शेंडा हलवणाऱ्यांना उंची का बरं देता येऊ नये?

नुसती उंची देणं मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. समजा खेळातली आई मुलाला जवळ घेते. हालचाली करणारा कलाकार ती मिठी एकदाच तयार करतो. आईचा हात इतका वर जाणार आणि मुलाच्या खांद्यावर टेकणार. सगळी माणसं एका उंचीची असली की ही मिठी कुणालाही चालते. पण समोरचा माणूस वीतभर बुटका निघाला तर? खांद्यावर जाणारा हात थेट त्याच्या कानातून आरपार! आणि प्रश्न फक्त मिठीचा नाही. हात मिळवणं, बाळाला उचलणं, खुर्चीत बसणं, ओट्यापाशी उभं राहून भाजी चिरणं, सगळीकडे हीच रड. खऱ्या घरातही उंच काकूंना ओटा ठेंगणा होतो आणि बुटक्या मावशींना वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं, नाही का?

मग प्रत्येक जोडीसाठी वेगळी मिठी तयार करावी का? १० वेगवेगळ्या उंची धरल्या तर पहिल्याचे १० प्रकार आणि दुसऱ्याचे १०, म्हणजे एकट्या मिठीच्या १०० तऱ्हा. अशा शेकडो हालचाली! कोण करणार?

इथे उलटं गणित कामाला येतं. फळ्यावर लिहिताना तुम्ही ‘खांदा इतके अंश, कोपर तितके अंश’ असा विचार करता का? छे! खडूचं टोक कुठे टेकवायचं एवढंच आपण ठरवतो, कोपर आपोआप वाकतं. संगणकालाही तसंच सांगायचं. हाताचा पंजा समोरच्याच्या खांद्यावर पोचायला हवा, बाकीचं तू बघ. संगणक काय पाहतो? खांदा ते कोपर ही एक बाजू, कोपर ते मनगट ही दुसरी आणि खांदा ते मनगट हे सरळ अंतर म्हणजे तिसरी. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला! भूमितीतली ‘बाबाबा’ कसोटी सांगते तेच. त्रिकोण ठरला की कोपराचा कोनही ठरला. मग कोपर खाली वळवायचं की बाहेर एवढंच सांगणं उरतं. या पद्धतीला ‘इन्व्हर्स किनेमॅटिक्स’ असं भारदस्त नाव आहे. पण तुम्ही तर ती रोज फळ्यावर वापरता!

हे कोडं सोडवायला कॅनडातली एक छोटी मंडळी पुढे सरसावली. अलेक्स मासे यांनी जून २०१९ मध्ये ‘पॅरालाइव्ह्ज’ या नव्या खेळाची घोषणा केली. मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नव्हता. खेळाची वाट पाहणाऱ्या लोकांनी दरमहा थोडी थोडी वर्गणी दिली आणि त्यावर काम चाललं. यातल्या कारखान्याचं नाव ‘पॅरामेकर’. आणि त्यात काय असणार म्हणून लोक सर्वांत जास्त हरखले? बरोबर ओळखलंत, उंचीची पट्टी! कुणी तरी बुटकं, कुणी तरी ताडमाड, आणि तरीही दोघांना एकमेकांना मिठी मारता येणार.

रंगपेटीतले रंग

उंचीइतकीच मोठी गोष्ट रंगाची. २००० सालच्या पहिल्या ‘सिम्स’मध्ये त्वचेचे रंग किती होते, सांगू? फक्त तीन! फिकट, मध्यम आणि गडद. २००४ साली चार झाले. आता आपल्या वर्गाकडे नजर टाका. गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा, तांबूस. एका वर्गात तीन रंगांत काम भागेल का?

यात एक तांत्रिक खोचही होती. संगणकाला रंग म्हणजे तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती. गोऱ्या त्वचेचे हे आकडे नुसते कमी केले की झाला सावळा रंग, असं कुणी मानलं तर काय होतं? चेहरा राखाडी, राख फासल्यासारखा दिसतो. खरी सावळी त्वचा म्हणजे काळोखातली गोरी त्वचा नव्हे! तिच्यात लाल, पिवळ्या रंगाची ऊब असते, तिच्यावर उजेड वेगळा चमकतो. तो रंग मुळापासून वेगळा मिसळावा लागतो. ‘सिम्स ४’ खेळणाऱ्या सावळ्या आणि काळ्या रंगाच्या लोकांनी वर्षानुवर्षं हे सांगितलं. अखेर डिसेंबर २०२० मध्ये त्या खेळात १०० हून जास्त नव्या रंगछटा आल्या आणि छटा फिकट-गडद करायची पट्टीही आली.

गंमत म्हणजे त्याच २०२० साली आपल्याकडेही अशीच एक पट्टी हलली. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमवर स्थळं चाळताना त्वचेचा रंग निवडायची सोय होती. लोकांनी आवाज उठवला आणि जूनमध्ये ती काढून टाकण्यात आली. पुढच्याच महिन्यात ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातला ‘फेअर’ म्हणजे गोरेपणा गेला आणि तिथे ‘ग्लो’ आला. नाव बदललं. पण माणसांच्या मनातली पट्टी हलली का?

हे तुम्हीच तपासू शकता. अशा खेळात स्वतःला घडवताना तुमचा हात कुठे जातो ते पाहा. आपल्या खऱ्या रंगावर थांबतो, की नकळत दोन घरं फिकट बाजूला सरकतो? नाक थोडं सरळ, पोट थोडं आत असं होतं का? कल्पनेतला राजपुत्र किंवा परी बनवायची असेल तर खुशाल हवं ते करा. खेळच तो! पण ‘ही मी’ किंवा ‘हा मी’ असं म्हणून जे घडवाल, त्यात पट्टी का सरकली, असा प्रश्न एकदा स्वतःला जरूर विचारा. उत्तर कुणाला सांगायची गरज नाही.

आणि एक खूशखबर सांगायची राहिलीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सिम्स ४’ साठी कपड्यांचा एक संच निघाला, ‘फॅशन स्ट्रीट’ नावाचा. तो बेतला होता चक्क आपल्या मुंबईतल्या रस्त्यांवरच्या कपड्यांवर! चर्चगेटजवळच्या फॅशन स्ट्रीटवर ज्यांनी घासाघीस करून शर्ट घेतलाय, त्यांना याचं कौतुक वाटेल. खेळात मात्र घासाघीस करायची सोय नाही!

पंचवीस गुण, पाच खाती

चेहरा झाला, रंग झाला. पण माणूस झाला का? अजून स्वभाव कुठाय?

पहिल्या ‘सिम्स’ने यासाठी फार झकास युक्ती काढली होती. स्वभावाची पाच खाती : नीटनेटकेपणा, मिळून-मिसळून वागणं, चपळपणा, खेळकरपणा आणि चांगुलपणा. प्रत्येक खात्यात जास्तीत जास्त १० गुण. म्हणजे परिपूर्ण माणसाला ५० गुण हवेत. पण हातात मिळायचे फक्त २५!

आता करा वाटणी. नीटनेटकेपणाला १० दिले, चांगुलपणाला १० दिले की उरले ५. ते तिघांत वाटा. म्हणजे हा माणूस भांडी चकचकीत ठेवणार, सगळ्यांशी गोड वागणार, पण पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणार! आणि दुसरा एखादा असा निघेल, की घरभर पसारा घालून ठेवेल, पण त्याच्या विनोदांनी सगळी गल्ली हसेल.

पुढे गुणांची खाती गेली आणि तयार स्वभावविशेष आले. ‘सिम्स ३’ मध्ये मोठ्या माणसाला पाच निवडता येत, ‘सिम्स ४’ मध्ये तीन. पण मला विचाराल तर त्या २५ गुणांत जास्त शहाणपण होतं. कारण तिथे सगळं काही मिळत नव्हतं. एकीकडे भर घालायची तर दुसरीकडून काढावं लागायचं. आपल्या ओळखीचा एकही माणूस ५० गुणांचा नसतो. परीक्षेत पहिला येणारा मित्र डबा वाटून खात नसेल आणि नेहमी उशिरा येणारी मैत्रीण आपण पडलो की सगळ्यात आधी धावत येत असेल. चेहऱ्याची पट्टी कितीही सरकवली तरी हे त्यात सापडत नाही.

‘येणार, येणार’ म्हणताना...

नव्या खेळाच्या जाहिराती पाहून तुमच्यातले काहीजण दिवस मोजत बसतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२३ मध्ये ‘लाइफ बाय यू’ नावाच्या अशाच खेळाची मोठी घोषणा झाली. त्याच्याही कारखान्याच्या चित्रफिती लोकांनी डोळे भरून पाहिल्या. आणि जून २०२४ मध्ये तो खेळ रद्दच झाला! ‘पॅरालाइव्ह्ज’च्या सुरुवातीच्या आवृत्तीची तारीखही आधी डिसेंबर २०२५ ठरली होती, मग ती मे २०२६ वर गेली. उंचीच्या पट्टीमागे किती काम असतं ते आपण पाहिलंच. म्हणून वाट पाहावी, पण श्वास रोखून बसू नये. आणि ज्या खेळाचा अजून पत्ता नाही, त्यासाठी आधीच पैसे तर मुळीच देऊ नयेत.

दोन शब्द आई-बाबांसाठी

अमेरिकेत ‘सिम्स ४’ ला १३ वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी असा शिक्का आहे, युरोपात १२. तेव्हा धाकट्या मंडळींनी खेळायचं की नाही, हे तुम्ही पाहून ठरवा. ऑक्टोबर २०२२ पासून हा मूळ खेळ फुकट मिळू लागला, पण कपडे, घरं, गावं यांचे कितीतरी जोडसंच विकत घ्यावे लागतात. ‘फुकट’ शब्दावर भुलू नका. बँकेचं कार्ड खेळाला जोडून ठेवू नका. माणूस घडवण्यासाठी मुलांचे किंवा त्यांच्या मित्रांचे खरे फोटो कुठेही चढवायचे नाहीत, हा नियम घरात पक्का करा. आणि एखाद्या रविवारी शेजारी बसून मुलाने किंवा मुलीने घडवलेला माणूस नीट पाहा. ‘अभ्यास सोडून हे काय?’ असं लगेच म्हणू नका. ‘याचं नाव काय? हा असा का?’ एवढंच विचारा. एरवी जे बोललं जात नाही, ते कधी कधी बाहुलीच्या तोंडून बोललं जातं.

करून पाहा!

संगणक नसला तरी काही बिघडत नाही. वहीचा एक कागद घ्या. त्यावर पाच ओळी आखा आणि वर सांगितलेली पाच खाती लिहा. आता २५ गुण वाटून ‘मी’ तयार करा. कुठल्याही खात्यात १० च्या वर नाही आणि बेरीज बरोबर २५. खोडरबर वापरायला परवानगी आहे.

तो कागद घडी घालून लपवून ठेवा. मग आईला, बाबांना, भावंडाला किंवा जिवलग मित्राला तसाच कोरा कागद द्या आणि त्यांना ‘तुम्ही’ तयार करायला सांगा. शेवटी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा.

जिथे आकडे जुळतील तिथे ठीकच. पण जिथे जुळणार नाहीत तिथे खरी मजा आहे! तुम्ही स्वतःला चांगुलपणात ३ दिले असतील आणि धाकट्या बहिणीने ९ दिले असतील, तर भांडायचं नाही. तिला विचारायचं, ‘का गं?’ आणि ती काय सांगते ते नीट ऐकायचं. मग बाजू बदला. आता तुम्ही तिचा कागद भरा.

एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्याचा कागद भरताना एखाद्या खात्यात शून्य द्यावंसं वाटलं, तर आधी त्या माणसाने गेल्या आठवड्यात केलेली एक चांगली गोष्ट आठवायची. मगच आकडा लिहायचा. तुमचे कागद पाहायला मलाही आवडतील. पाकिटात घालून अंकाच्या पत्त्यावर पाठवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!